एका फेट्याचे दोन पाहुणे

"मुकादम, पाहुणे दोन अन् फेटा एकच?" फण्या कापणाऱ्या सिंधूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"एकच येणार व्हता की. दुबईवाला उद्याचा व्हता," शेषेराव म्हणाले.

अर्धापूरच्या त्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये शेषेराव वीस वर्षांचे मुकादम. आखातात युद्ध पेटलं तसे कंटेनर थांबले आणि शेडमधल्या चाळीस बाया दोन महिने घरी बसल्या. आता लढाई थांबली होती, आणि इराणचे रेझासाहेब व दुबईचे सालेमसाहेब एकाच सकाळी हजर. देशादेशांत अजून धड बोलणं नव्हतं, म्हणून मधे रिकामी खुर्ची ठेवून दोघं पाठमोरे बसले होते.

"एकाला बांधला की दुसरा उठून जातो बघा," मालक अमृतराव कुजबुजले. "निम्मी केळी झाडालाच पिकतील."

शेषेरावांना हे नवं नव्हतं. गावच्या लग्नात रुसलेली भावकी पंगतीला बसवायचं काम त्यांचंच. वाढपी ते पंगतीच्या दोन्ही टोकांनी एकदम सोडायचे. पहिलं पान मग कुणाचंच राहत नाही.

त्यांनी फण्या कापायचा विळा मागवला.

"अवो, तुमच्या व्याह्यानं आहेर केलेला फेटा हाय तो," सिंधूबाई म्हणाल्या. "पोराच्या, रविकिरणच्या लग्नात काय बांधताल?"

"टोपी हाय की. तुमी रेझासायबाला बांधा, मी सालेमसायबाला. मी मान हलवली की पहिला येढा."

जरीचा केशरी फेटा बरोबर मधोमध चिरला गेला. दोन्ही डोक्यांवर पहिला वेढा एकाच क्षणी बसला. कापड मात्र अपुरं पडलं. पाठीवर सोडायला शेमला उरला नाही.

सालेमसाहेबांनी मोबाईलमध्ये रूप पाहिलं, मागं हात फिरवून शेमला चाचपला. चेहरा उतरला. मग हळूच त्यांनी रेझासाहेबांच्या पाठीकडे पाहिलं. तिथंही नव्हता. ते निवांत झाले. तेवढ्यात रेझासाहेबही त्यांच्या पाठीकडे बघताना सापडले, आणि दोघांनाही हसू आवरेना.

दुपारच्या आत दोघांचे कंटेनर ठरले, एकाच दिवशी.

"आता मधली खुर्ची काढू का?" अमृतरावांनी हुश्श करत विचारलं.

"ऱ्हाऊ द्या मालक. तिच्यामुळंच तर बसले."

बायांनी पदर खोचले. केळी धुवायच्या हौदात दोन महिन्यांनी पाणी भरू लागलं. विळ्याच्या पात्याला जरीचा एक धागा अडकला होता. शेषेरावांनी तो सोडवून खिशात ठेवला आणि विळा सिंधूबाईंच्या हातात दिला.