बातम्यांच्या वेळची गोळी

मी एक जुना रेडिओ आहे. माझी एरियल केव्हाच मोडली. तिच्या जागी छत्रीची काडी बसवली आहे. होंडे खोऱ्यात, चहाच्या मळ्याला लागून असलेल्या एका घराच्या खिडकीत मी राहतो. मित्रांनो, दिवसभर बोलणे हेच माझे काम. पण त्यातला एकही शब्द माझा नसतो. आज मात्र माझे स्वतःचे सांगतो. सांगताना कुठे गोंधळलो तर सांभाळून घ्या, कारण जे घडले ते मला अजून नीट उमगलेले नाही.

मला या घरी तोबायसने आणले. तो शहरात लाकडाच्या गिरणीत कामाला होता आणि महिनाअखेरीस घरी येई. फुटबॉलचा सामना असला की शेजारीपाजारी अंगणात जमत आणि मला मध्ये ठेवत. त्याची बायको शुवाई माझ्यावर विणलेला रुमाल घाली. फार लाडाचे दिवस होते ते.

एक गोष्ट मात्र मला आवडत नसे. शुवाई पाण्याला गेली की तोबायस माझे मागचे झाकण उघडी, एक सेल काढी आणि त्या जागी कागदाची पुडी कोंबी. मग मी मुका. "बिघडलाय," असे तो शुवाईला सांगे. पुडीत गोळ्या असत; शहरात परतताना तो ती काढून नेई आणि सेल परत बसवी. अंग मोडून आले की तो एखादी गिळी. बरे वाटले की पूर्ण सुट्टीत तिकडे बघतही नसे. त्या गोळ्या कशावरच्या, कुणाकडून आणलेल्या, हे मला ठाऊक नव्हते. मला फक्त गप्प बसावे लागल्याचा राग येई.

पुढे तोबायस खंगत गेला आणि वारला. त्याची थोरली बहीण मेव्हिस शुवाईच्या सोबतीला येऊन राहिली. शेजाऱ्यांकडे मोबाइल आले, माझे सेल संपले, आणि खुराड्यातली एक कोंबडी माझ्यावर बसू लागली.

मग शुवाईही आजारी पडली. दवाखान्यात रक्त तपासले, तर एचआयव्ही निघाला. तिथल्या सिस्टर मुचेनांनी तिला गोळ्या दिल्या आणि बजावले, "रोज घ्यायची, ठरल्या वेळी. बरं वाटलं तरी सोडायची नाही. घरात घड्याळ आहे का?"

घड्याळ नव्हते, पण मी होतो. कोंबडीला हुसकून शुवाईने मला पुसले आणि नवे सेल घातले. संध्याकाळच्या बातम्यांआधी ढोल वाजतात. ढोल वाजला की ती गोळी तोंडात टाकी आणि वर पाणी पिई. सेल मंदावले की ती ते पत्र्यावर उन्हात तापवी, पण ढोल चुकू देत नसे. हळूहळू तिच्या अंगावर मांस चढले. ती पुन्हा मळ्यात चहा खुडायला जाऊ लागली. मी इतका कामाचा कधीच नव्हतो.

काही वर्षे अशी गेली. मग तिचे गाल पुन्हा बसू लागले. तोंडात फोड आले. टोपली भरेना. दवाखान्यात कळले की रक्तातला विषाणू वाढला आहे. सिस्टर मुचेनांनी तिला समोर बसवून पुन्हा पुन्हा विचारले, गोळ्या चुकतात का? ती नाही म्हणाली, की त्या पहिल्यापासून सगळे समजावून सांगत.

घरी मेव्हिस होतीच.

"खरं सांग शुवाई, गोळ्या कुठे टाकतेस?"

"गिळते, वन्सं. तुमच्या डोळ्यांदेखत गिळते."

"मग लागू का पडत नाहीत? तो डोंगरावरचा पांढऱ्या झग्यातला बाबा थुंकायला सांगतो का?"

"त्याच्याकडे तुम्ही जाता, गुडघ्याचं तेल आणायला."

"माझा गुडघा राहू दे. तोंड उघड. जीभ वर कर."

आणि शुवाई, मोठी बाई, लहान पोरीसारखी तोंड उघडून दाखवी. शेजारी मी बातम्या सांगत असे. गोळी रोज पोटात जाते हे मी बघत होतो. मग ती जाते कुठे? माझाच ढोल उशिरा वाजत असेल का?

हीच शंका एके दिवशी शुवाईलाही आली. तिने मला पंच्यात गुंडाळून पाठीशी बांधले, मूल बांधतात तसे, आणि दवाखान्यात नेऊन टेबलावर ठेवले.

"हे काय आणलंस गं?" सिस्टरांनी विचारले.

"हाच मला वेळ सांगतो, सिस्टर. याला तपासा. मला सगळ्यांनी तपासून झालंय."

सिस्टर हसल्या नाहीत. दुपारच्या बातम्यांपर्यंत थांबल्या; त्यांच्याआधीही ढोल वाजतो. मी ढोल वाजवला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"बरोबर आहे हा."

"मग चूक माझीच म्हणायची?" शुवाईने विचारले.

सिस्टरांनी तपासणीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "आता तुला समजावत बसत नाही. तुझं रक्त राजधानीत, हरारेला पाठवते. मोठी तपासणी करू."

उत्तर यायला बरेच दिवस लागले. ते ऐकून शुवाई घरी आली, तेव्हा मेव्हिस चुलीपाशी होती. मी हवामान सांगत होतो.

"विषाणूला या गोळीची सवय झालीय, वन्सं. ती आता त्याला मारत नाही. दुसऱ्या गोळ्या दिल्यात."

"म्हणजे तू चुकवल्या नव्हत्यास?"

"नाही."

"मग ही सवय त्याला लावली कुणी?"

"सिस्टर म्हणाल्या, कधी कधी तो आपल्या अंगात येतानाच शिकून आलेला असतो. आधी ज्याच्या अंगात असेल, त्याने औषध घेतलं-सोडलं असेल, तर. कधी इथेच शिकतो. रक्तावरून तेवढं कळत नाही."

मेव्हिसने चुलीतले लाकूड मागे ओढले. "आमच्या तोबायसला काही माहीत होतं का गं?"

"ते कधी काही बोलले नाहीत."

मित्रांनो, मला ती पुडी आठवली. पण माझ्या तोंडी तेव्हा डोंगरउतारावरचे धुके होते. आणि बोलता आले असते तरी मी काय सांगितले असते? त्या याच गोळ्या होत्या का? एकाने अर्धवट घेतलेले औषध दुसऱ्याच्या रक्तात येऊन कसे भोवते? मी तारांचा आणि प्लास्टिकचा. विचार केला की माझ्यात नुसती खरखर होते.

नव्या गोळ्या जेवणासोबत घ्यायच्या असतात. मेव्हिसने शुवाईची माफी काही मागितली नाही. पण आता ढोल वाजायच्या आत तिचा सादझा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजलेला असतो, वर पालेभाजी असते. ती शुवाईचे ताट माझ्याजवळ मांडते आणि स्वतःचे घेऊन समोर बसते. जीभ बघत नाही. शुवाईचे गाल अजून भरलेले नाहीत, पण परवा तिने ताटातले सगळे संपवले आणि आणखी मागितले.

मित्रांनो, सुरू केलेले औषध मध्येच सोडू नका, हे तुम्हाला दवाखान्यातही सांगतील. मी एवढेच मागतो, की तुमच्या घरी कुणी औषध लपवून घेत असेल, तर त्याला ओरडू नका. त्याला ताटावर बोलवा आणि सगळ्यांसमोर घेऊ द्या. तोबायसला कुणी असे बोलावले असते, तर त्याला माझा सेल काढावा लागला नसता.