लाल पट्ट्यातली सळई

मी जाळी बोलतेय. येरमाळ्याजवळच्या घाटातून जाताना मान वर करा, वळणावरच्या कड्याला बिलगलेली दिसेन. खिडकीत डास अडवणारी ती नव्हे. पोलादी तारांची, जस्ताचा मुलामा दिलेली. सुटणारे दगड अडवणं हे माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं.

कारखान्यातल्या यंत्रानं माझे डोळे विणले आणि एप्रिलच्या उन्हात ट्रकनं मला इथं आणून टाकलं. कड्याच्या पायथ्याशी हरणाबाईचं घर आहे. गेल्या वर्षी वरून आलेल्या धोंड्यानं तिच्या शेळ्यांचा गोठा चेपला. आता पावसाळ्याआधी कडा पक्का झाला नाही, तर पुढचा धोंडा थेट तिच्या छपरावर येणार होता.

मी एकटी काही करू शकत नाही. खडकात दहा फूट खोल भोकं पाडतात, त्यांत सळ्या रोवून सिमेंट भरतात आणि मला त्या सळ्यांना बांधतात. सळ्या सुटल्या की मीही दगडांसकट खाली. म्हणून काही सळ्या जॅक लावून ओढून बघायच्या, असा नियम आहे. माणसांच्या नियमांतला हा मला सगळ्यात शहाणा वाटतो.

पण ओढायच्या कुठल्या? ठेकेदाराचे जुने देखरेखदार आण्णासाहेब यांनी वरच्या काळ्या पाषाणातल्या तीन दाखवल्या. तिन्ही जागच्या हलल्या नाहीत. लगेच नारळ फुटला, पेढे निघाले.

हातात वही घेतलेली शिवकन्या ही नवी इंजिनिअर. तिनं पेढा घेतला नाही. "आण्णासाहेब, आता लाल पट्ट्यातली ओढू."

दोन काळ्या थरांच्या मधे गेरूसारखा मऊ पट्टा आहे. दगड सुटतात ते तिथूनच.

"पस्तीस वर्षं घाटात काढलीत मी," आण्णासाहेब म्हणाले. "शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर वर्गातलं कच्चं पोर कुणी उभं करतं का?"

"पोर कच्चं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे तर!"

मला हात असते तर तिला टाळी दिली असती. वय झालं की न तपासताही सगळं कळतं, असं या लोकांना कोण सांगतं देव जाणे.

जॅक लागला. सळईनं दहा टन पेलायला हवे होते. चार टनांवरच ती सिमेंटसकट सरकत बाहेर आली. सिमेंटवर लाल धुळीची साय होती; खडकाला ते चिकटलंच नव्हतं.

"गुंडप्पामामा, भोकं धुतली होती ना?" शिवकन्येनं ड्रिल चालवणाऱ्या गुंडप्पाला विचारलं.

"न्हाय. नुसती हवा मारली."

"आणि त्यासाठी मागवलेला पाण्याचा टँकर?"

"हरणाबाईच्या पिपात रिकामा केला. शेळ्या जीभ काढून बसल्या हुत्या. हितं प्यायाला थेंब न्हाय अन् डोंगराच्या भोकात पाणी वतायचं? हात धजंना, पोरी."

ओट्यावरून हरणाबाई कडाडली, "आरं मुडद्या, पाणी पाजून मारतूस व्हय मला?"

सगळे हसले. गुंडप्पा तेवढा हसला नाही. त्याचा मला राग आला नाही. दुष्काळात वाढलेला हात तो. राग आला पेढ्यांचा.

लाल पट्ट्यातल्या बावीसही सळ्यांसाठी नवी भोकं पाडली. पाणी स्वच्छ बाहेर येईपर्यंत गुंडप्पानं एकेक भोक स्वतः धुतलं. सिमेंट पक्कं झाल्यावर शिवकन्या म्हणाली, "हरणामावशी, ओढायची सळई तुम्ही निवडा."

हरणाबाईनं बोट दाखवलं. "ती. माझ्या चुलीच्या डोक्यावरची."

आठ टन. दहा. बारा. सळई हलली नाही. आण्णासाहेबांनी शिवकन्येच्या वहीत सही केली.

जुलैत म्हशीएवढा धोंडा सुटला आणि माझ्यावर आदळला. मी ताणले गेले, दोन तारा तुटल्या, पण सळ्यांनी मला सोडलं नाही. तो धोंडा अजून माझ्या पोटात आहे आणि खाली हरणाबाई शेळ्यांची धार काढतेय.

तो धोंडा उतरवायला या, तारा सांधा. आणि मला तपासायला याल तेव्हा जिथं तुम्हाला भीती वाटते, तिथंच जॅक लावा. मला नाही वाटत भीती.