उदबत्ती विझेपर्यंत

कुसुमबाईंनी उदबत्ती पेटवून पेल्यातल्या तांदळात खोचली आणि म्हणाल्या, "हं, टेक पेन."

कोकिळाने वही उघडली. उदबत्ती विझेपर्यंत पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही, आणि काहीच सुचेना तर 'सुचत नाही' हेच लिहीत सुटायचं. निवृत्त झाल्या तरी बाईंमधली मास्तरीण काही निवृत्त झाली नव्हती!

सातवी शिकलेल्या कोकिळाला गोष्टी लिहायच्या होत्या. त्र्याऐंशी सालचा अख्खा पावसाळा ती रोज दुपारी बाईंच्या ओसरीत बसून लिहीत होती. सासू, मारकी शेळी, सेलूचा बाजार, सगळं झकास उतरलं. एकच गोष्ट अडली होती, आणि तिच्यासाठीच तर तिने पेन हाती धरलं होतं. गेल्या साली उसाच्या फडावर, पाचटाने शाकारलेल्या कोपीत तिला लेक झाली आणि नऊ दिवसांत गेली. लिहिताना तिथवर आलं की हात जड व्हायचा. आता उद्या सकाळी टोळी पुन्हा ऊस तोडायला निघणार होती. सहा महिने हातात कोयता. तिथं कसली वही अन् कसलं काय!

"बाई, हात थांबायलाय."

"थांबू देऊ नकोस. 'सुचत नाही' लिही."

तिने ते सात-आठदा लिहिलं. मग हात आपोआप धावू लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी कोकिळाने पेन काही उचललं नाही. उदबत्ती विझली तेव्हा दोन पानं भरली होती.

"वाटलं तर वाच," बाई हळूच म्हणाल्या.

"गोदा थंडीनं काकडायची," कोकिळा वाचू लागली. "गोदाला मी पदरात गुंडाळून..."

"गोदा कोण गं?"

कोकिळाने वहीतल्या त्या नावावर बोट ठेवलं.

"माजी लेकच की, बाई. पर तिचं बारसंच झालं न्हाई. घरात समदे 'ती पोरगी' म्हनत्यात. ह्ये नाव कवा लिवलं, मलाच कळलं न्हाई."

बाई उठल्या, आत गेल्या आणि मूठभर साखर घेऊन आल्या.

"ह्ये कशापायी?"

"अगं, लेकीचं नाव ठेवलंस ना? मग तोंड गोड न करताच जातेस होय?"

कोकिळाने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.