साठ अंशांवर अडकलेले बोट

मी एक जुने बोट आहे. दचकू नका, मित्रांनो, मी कुणाच्या हातावरून तुटून पडलेलो नाही. मी पोलादाचा आहे. मला दोन सांधे आहेत, मागे काळी मूठ आहे आणि त्या मुठीतून एक तांबडी वायर निघते. विजेच्या वस्तू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षे नोकरी केली. पाची बोटे सारखी नसतात असे तुम्ही म्हणता, आणि ते खरेही आहे. पण माझ्या जातीची बोटे जिथे कुठे असतील तिथे ती अगदी सारखीच असावी लागतात, नाहीतर त्यांना कुणी कामावर ठेवत नाही.

माझे काम सांगायला सोपे आहे. मिक्सर, इस्त्री, पंखा, हीटर, कुठलीही वस्तू दुकानात जाण्याआधी तिच्या प्रत्येक फटीत, भोकात आणि जाळीत शिरून बघायचे की आतल्या विजेच्या भागाला माणसाचे बोट लागू शकते का. हे बघायला माणसाचे बोट वापरणे शहाणपणाचे नाही, म्हणून मला घडवले.

मला घडवणारा टर्नर मोठा किरकिऱ्या होता. माझ्या आधीची दोन भावंडे केसभर जाड झाली म्हणून त्याने भंगारात फेकली. मला लेथवरून काढून त्याने इतक्या वेळा मोजले की शेजारचा कामगार हसायला लागला. "बायकोची अंगठी करताना एवढं माप घेतलं नव्हतं रे," टर्नर म्हणाला आणि त्याने पुन्हा मोजले. मग माझे सांधे बसवले. तुमचे बोट आत्ता वाकवून बघा. ते पुढे वळते, मागे वळत नाही. माझेही तसेच होते. दोन्ही सांधे पुढच्या बाजूला काटकोनात, म्हणजे पुरते नव्वद अंश वळायचे. टर्नरने शेवटी मला तेलाचा एक थेंब पाजला आणि डबीत ठेवले.

प्रयोगशाळेत मी तपासनीस मॅडमच्या हाती आलो. मॅडम तेव्हा नव्या होत्या. चष्मा डोक्यावर ठेवायच्या आणि टेबलभर शोधायच्या. कामात मात्र त्यांचा हात कधी चुकायचा नाही. मला फटीत घालताना त्या अजिबात जोर लावायच्या नाहीत. आधी सरळ घालायच्या, मग वाकवून, मग डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. नवीन माणूस कंटाळून म्हणायचा, "मॅडम, एवढं कोण फिरवतं?" त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे. "लहान पोरांच्या बोटात जोर नसतो, चिकाटी असते."

माझ्या वायरीला एक छोटा दिवा जोडलेला असे. मी आतल्या विजेच्या भागाला टेकलो की तो लागायचा. एरवी दिवा लागला की लोकांना बरे वाटते, आमच्याकडे दिवा लागला की वस्तू नापास. कारखानदार त्या दिव्याकडे असे बघत बसायचे, जणू तो त्यांच्या मुलीचा निकाल वाचून दाखवणार आहे. नापास झालेले माझ्या नावाने बोटे मोडत. मला त्याचे काहीच वाटायचे नाही. चुकीवर बोट ठेवणे हाच माझा धंदा होता आणि मी त्यात पटाईत होतो. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरे, थोडे फुशारकीनेच सांगतो.

अशाच एका दिवशी हीटरवाले काका पहिल्यांदा आले. छोटा कारखाना, सहा कामगार, आणि हीटरला ते पोटच्या पोरासारखे पुसत होते. मी त्यांच्या जाळीतून आत गेलो आणि दिवा लागला. काका उठून उभे राहिले.

"अहो मॅडम, तुमच्याच कागदावर लिहिलंय की लघुदाबाची उपकरणं. लघु! मग एवढं काय घाबरायचं?"

मॅडमनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच सापडला. "काका, आमच्या नियमात हजार व्होल्टपर्यंत सगळं लघुदाबच असतं. तुमच्या घरातली वीजसुद्धा. लघु म्हणजे ती विजेच्या मोठ्या तारांच्या मानानं लघु, माणसाच्या मानानं नाही."

काकांनी कपाळ खाजवले. "म्हणजे हत्तीच्या मानानं वाघ छोटा, तसं?"

"तसंच."

ही चूक फक्त काकांची नव्हती. त्या एका शब्दाने मी कितीतरी शहाणी माणसे फसलेली पाहिली. काका मात्र एकदा समजले की पक्के समजणारे होते. त्यांनी जाळी बदलली, पुन्हा आले, पास झाले. पुढे दरवर्षी यायचे. आत शिरताच माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय बोटराव, आज काय बेत आहे?" प्रयोगशाळेत मला नावाने हाक मारणारे ते एकटेच, म्हणून मला ते आवडायचे.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगायला मला आवडत नाही.

एका सोमवारी मॅडमचा फोन वाजला. त्यांनी मला घाईने टेबलाच्या कडेला ठेवले आणि मी गडगडत खाली फरशीवर पडलो, नेमका दुसऱ्या सांध्यावर. मॅडमनी मला उचलले, ओढणीने पुसले, डोळ्यांसमोर धरून बघितले. "काही झालं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आमच्याकडे पडलेल्या वस्तूची वहीत नोंद करायची आणि ती तपासल्याशिवाय वापरायची नाही, असा नियम आहे. तो मॅडमनीच नव्या लोकांना शिकवलेला. पण समोर तीन वस्तू रांगेत होत्या आणि मी वरून अगदी चकचकीत दिसत होतो. नोंद संध्याकाळी करू असे त्यांनी ठरवले आणि संध्याकाळी त्या विसरल्या.

मला आतून कळले होते की सांधा कुठेतरी धरतोय. पण मीही स्वतःला समजावले की मी पोलाद आहे, मला काय होणार आहे? एकोणीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका दाखवल्यावर स्वतःची चूक दिसेनाशी होते. मित्रांनो, मला त्याची अजून लाज वाटते.

बुधवारी हीटरवाले काका नवा हीटर घेऊन आले. भिंतीवर लावायचा, कोपरे गोल केलेला, पिवळ्या रंगाचा. एका बालवाडीने तसे चार मागवले होते. "पोरांच्या खोलीत लागणार आहे, नीट बघा हं," काका म्हणाले. मॅडमनी नीटच बघितले. स्विचच्या खाली हवेसाठी एक आडवी फट होती. मी तिच्यात शिरलो आणि मॅडम मला आत वळवू लागल्या. मी थोडा वळलो आणि थांबलो. मॅडमना वाटले, आतली भिंत लागली. खरे तर भिंत नव्हती, माझाच सांधा अडकला होता. दिवा लागला नाही. मॅडमनी सही केली आणि काकांनी दिव्याला हात जोडले.

शुक्रवारी माझी स्वतःची तपासणी होती. वर्षातून एकदा आम्हा बोटांनाही परीक्षा द्यावी लागते. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी मला कोन मोजायच्या ठोकळ्यावर ठेवले, पहिला सांधा वळवला, मग दुसरा. तो मध्येच थांबला. सरांनी पुन्हा वळवला.

"साठ अंशांवर अडकतंय हे. पुढे जातच नाही." त्यांनी मान वर केली. "पडलं होतं का?"

खोलीत चार माणसे होती. बोट जुने झालेय, झिजले असेल, एवढे मॅडम म्हणाल्या असत्या तरी सर्वांना पटले असते. मला पडताना कुणी पाहिले नव्हते. मॅडमचे नाव असे होते की त्यांची सही दिसली की लोक पुढचा कागद वाचायचेच नाहीत. ते नाव त्या क्षणी त्यांच्या एका शब्दावर टांगलेले होते.

"सोमवारी," मॅडम म्हणाल्या. "माझ्या हातून पडलं. नोंद करायची राहिली."

"राहिली?"

"केली नाही, सर."

सरांनी कपाटाचे कुलूप काढून राखीव बोट बाहेर आणले. सोमवारपासून मी सहा वस्तू तपासल्या होत्या. शाळेत उत्तरपत्रिका जपून ठेवतात, तसा प्रत्येक वस्तूचा एक नमुना आमच्याकडे असतो. त्या सहाही नमुन्यांची पुन्हा तपासणी सुरू झाली. पाच ठीक निघाले. सहावा पिवळा हीटर होता. राखीव बोट स्विचखालच्या फटीत शिरले, आत काटकोनात वळले आणि दिवा लागला.

मॅडमनी पहिला फोन काकांना केला नाही. त्यांनी बालवाडीला केला. तिथल्या बाईंनी फोन उचलला.

"हीटर बसवले का?"

"हो, सकाळीच. आता छान ऊब येतेय."

"सगळ्यांचे प्लग काढा. आत्ता. मी फोन धरून थांबते."

बाई चपला फटफट वाजवत गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. "चारही काढले. काय झालं हो?" मॅडमनी सांगितले. मग काकांना फोन केला, मला आणि राखीव बोटाला पिशवीत घातले आणि काका आले तशा त्यांच्या टेम्पोत जाऊन बसल्या.

वाटेत काका फार चिडलेले होते. "बुधवारी पास म्हणालात आणि शुक्रवारी नापास! लोकांना मी काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवा. चूक माझी आहे, तसं लिहून देते."

"तुमचं बोट खराब, मग माझा माल कसा काय खराब?"

"बोट माझं, काका. पण फट तुमची आहे."

काकांनी टेम्पोचा वेग वाढवला.

बालवाडीत मुले खेळण्यांच्या पसाऱ्यात बसली होती. खिडकीजवळच्या हीटरखाली मात्र एक मुलगी उभी होती, चार वर्षांची असेल. तिने स्विचखालच्या फटीत बोट घातले होते आणि जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून, ती काहीतरी शोधत होती.

मॅडम तिच्याजवळ गुडघ्यावर बसल्या. "काय आहे गं आत?"

"गार गार," ती म्हणाली. "बोट वाकडं केलं की लागतं."

काका एका इवल्याशा खुर्चीवर बसले आणि बराच वेळ हीटरच्या लोंबत्या प्लगकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि चारही हीटर स्वतःच्या हाताने उतरवले. मॅडम मदतीला पुढे आल्या तेव्हा त्यांनी सरळ दुसरा स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

ती फट नंतर बुजवली गेली आणि नवे हीटर राखीव बोटाने पास केले. मॅडमना सरांनी लेखी समज दिली. ती त्यांनी फाईलमध्ये दडवली नाही. टेबलासमोरच्या फळ्यावर टाचली आहे, आणि माझ्या डबीवर आता लाल चिठ्ठी आहे, 'वापरू नये'. मला भंगारात घालायला निघाले होते, पण मॅडमनी ठेवून घेतले. कुणी नवीन माणूस कामाला आला की त्या पहिल्या दिवशी मला त्याच्या हातात देतात आणि वाकवायला सांगतात. मी साठ अंशांवर अडकतो. मग त्या सगळी हकीकत सांगतात, स्वतःचा भाग जराही न गाळता. माझी नोकरी गेली असे कुणी म्हणत असेल तर त्याला म्हणू द्या. मला वाटते, मला बढती मिळाली आहे.

मित्रांनो, वस्तू हातातून पडतातच. पोलादही पडते, आणि चांगल्या माणसांच्या हातूनच पडते, कारण कामेही तीच करतात. पडण्यात पाप नाही. पण पडले की त्याच दिवशी सांगा, वरून चकचकीत दिसत असले तरी सांगा. आणि सांगायला उशीर झालाच, तर उशिरा का होईना, पण सांगा. मॅडमनी शुक्रवारी सकाळी तोंड उघडले, म्हणून त्या दुपारी बालवाडी रोजच्यासारखी सुटली आणि ती मुलगी आईचे बोट धरून घरी गेली.