वरचा फोन

"वैनी, हा रुमाल सोडायचा नाही. कोणी येऊ दे, काही होऊ दे."

राजक्काने खालच्या फोनच्या रिसीव्हरला आपला निळ्या काठाचा रुमाल करकचून बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. शनिवार होता. दहा वाजून गेले होते आणि तिची परीक्षा अकरा ते बारा.

"पेढीत फोनच्या बोर्डावर पण रुमालच बांधतेस का?" मी विचारलं.

"तिथं बांगडी अडकवते. बांगडी दिसली की लाइन बिझी. मॅनेजर पण हात लावत नाही." ती हसली, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "आता वरच्या फोनची वायर काढून ठेवू?"

वरचा फोन माझ्या हट्टाने आला होता. माझी स्मृती झाल्यावर मीच नवऱ्याच्या, अजितच्या, मागे लागले होते की मी दिवसभर वर एकटी असते, लेकराला काही झालं तर जिना उतरून फोन कधी करू? एकाच लाइनचे दोन फोन, एक खाली बैठकीत, एक माझ्या उशाशी.

"वायर नको काढू गं," मी म्हटलं. "पुन्हा लागली नाही तर? वर मीच आहे ना. मी बघते."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "सरी," म्हणजे बरं, असं म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

राजक्का माझी नणंद. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. ही माणसं चामराजपेटेत इतक्या पिढ्यांपासून आहेत, की त्यांची कानडी मिसळलेली मराठी माझ्या निपाणीच्या कानालाही सुरुवातीला नवी वाटायची. चिकपेटेतल्या एका रेशमाच्या पेढीत ती दहा वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. सुरत, कांची, मुंबई, कुणाकुणाला ती जोडून द्यायची आणि स्वतः बाजूला व्हायची. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची. दसऱ्यानंतर पेढीत नवीन यंत्र बसणार होतं. फोन आला की यंत्रच बोलणार आणि यंत्रच जोडून देणार. मालक तिला म्हणाले होते, "कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आण, आत बसवतो. नाहीतर मग बघू."

त्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता.

म्हणून विद्यापीठाचा पोस्टाने येणारा दोन वर्षांचा कोर्स. पहिलं वर्ष तपकिरी पाकिटांतून आलेल्या धड्यांवर गेलं. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाने नवीनच काढलं. धडे इंटरनेटवर, प्रश्न ई-मेलने, शेवटची परीक्षासुद्धा तशीच. केंद्रात कॉम्प्युटर दहा आणि विद्यार्थी चाळीस, तेव्हा ज्यांच्या घरी सोय आहे त्यांनी घरूनच बसावं असं पत्र आलं. अजितने एस. पी. रोडवरून एकेक भाग आणून जुळवलेला कॉम्प्युटर होता, म्हणजे आमच्याकडे सोय होती.

राजक्का पहाटे उठून त्याच्यासमोर बसायची. शंका लिहून पाठवायची. उत्तर नवव्या दिवशी यायचं, तेही दुसऱ्याच कुणाच्या शंकेचं. एकदा मला म्हणाली, "वर्गात मागच्या बाकावर तरी कोणी असतं, वैनी. नाही समजलं तर त्याच्याकडं बघून हसता येतं. इथं पुढचा बाक मीच, मागचा पण मीच."

तिचे केस गळायला लागले होते. पोटात जळजळ म्हणून पर्समध्ये गोळ्या. जेवताना डावा हात मांडीवर टाइप करत असायचा. मी सगळं बघत होते, बघणं हा माझा स्वभावच आहे. पण पोरीचं दूध, पोरीचं नाक, पोरीची शी, यातून वर मान काढून मी तिला एकदाही विचारलं नाही, की अक्का, तू बरी आहेस ना?

सासूबाई विचारायच्या, पण त्यांच्या पद्धतीने. "दिवसभर त्या पेटीकडं तोंड करून बसते. स्थळ सांगितलं की तोंड फिरवते. आता त्या पेटीलाच माळ घाल म्हणावं!"

"घालते की आई. पेटी निदान पोहे तरी मागत नाही," राजक्का म्हणायची.

त्या शनिवारी मात्र सासूबाईंनीही देवापाशी दिवा लावला आणि पदर खोचून दारात बसल्या. कुणी आलंच तर बाहेरच्या बाहेर परतवायला.

मी वर होते. अकराला खालून मोडेमचा तो चिरका आवाज आला, मग शांत झालं. म्हणजे त्याच फोनच्या लाइनवर इंटरनेट लागलं. आता कुणी रिसीव्हर उचलला, की तुटणार.

सव्वाअकराला स्मृतीने दुधाची बाटली ढकलून दिली. अंग कोमट लागलं. मागच्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत एका बाळाला तापात झटका आला होता. त्याच्या आईचं ओरडणं मी आमच्या गच्चीवरून ऐकलं होतं. मी बांगड्या वाजवत थर्मामीटर झटकला आणि लावला. पारा वाचला, झटकला, पुन्हा लावला. नव्व्याण्णव पॉइंट दोन. पुन्हा तेवढंच. शिवाप्पा डॉक्टर साडेअकराला दवाखाना बंद करत. दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकाला, चालत दोन मिनिटं. पण बाहेर ऊन होतं, आणि डोक्यात ते ओरडणं होतं, आणि फोन हाताशी होता.

मी रिसीव्हर उचलला.

कानात किर्रर्र झालं. वरचं मी बघते असं म्हणाले होते, हे तेव्हा आठवलं. चटका बसल्यासारखा रिसीव्हर खाली ठेवला. क्षणभरच तर उचलला होता. एवढ्याने काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं.

खालून आरडाओरडा झाला नाही. फक्त खुर्ची सरकली. मग मोडेमने नंबर फिरवल्याचा आवाज आला, टूटूटू, आणि एंगेज. पुन्हा नंबर, पुन्हा एंगेज. मी पोरीला छातीशी धरून पलंगाच्या कडेला बसून होते. अकरा वेळा तो आवाज वर आला. बाराव्या वेळी चिरकला आणि लागला. तेव्हा बारा वाजून गेले होते.

मी खाली उतरले तेव्हा पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. वेळ संपली आहे. राजक्का रिसीव्हरच्या रुमालाची गाठ सोडत होती. गाठ सुटत नव्हती.

"लाइन गेली," ती म्हणाली.

"मेलं हे टेलिफोन खातं!" सासूबाई दारातून म्हणाल्या. "पोरीचं वाटोळं केलं."

मी पोरीला घेऊन पुन्हा वर गेले. संध्याकाळी स्मृती डबे वाजवत घरभर रांगत होती. अंग थंडगार. अजित म्हणाला, "विद्यापीठाला पत्र लिहू." लिहिलं. सहा महिन्यांनी फेरपरीक्षा ठेवू असं उत्तर आलं.

पेढी सहा महिने थांबली नाही. दसऱ्यानंतर यंत्र बसलं. मालकांनी राजक्काला एक रेशमी साडी दिली. फेरपरीक्षेचा फॉर्म आला तो तिने भरलाच नाही. मी खूप मागे लागले, माझ्या बोलण्यात किती अपराधीपणा होता ते माझं मलाच ऐकू येत होतं.

"नको वैनी. त्या पेटीसमोर बसलं तरी छातीत धडधडतं," ती म्हणाली. "चालू असू दे की आहे ते."

जे आहे ते म्हणजे जयनगरमधलं एक नर्सिंग होम. तिथे ती पेशंटांना टोकन देते. सकाळी बस, संध्याकाळी बस. कॉम्प्युटरवर सासूबाईंनी विणलेला रुमाल पडला, वर प्लॅस्टिकचा फुलदाणीतला गुलाब आला.

वर्ष गेलं. गेल्या रविवारी मी लाइनमनला बोलावून वरचा फोन काढायला लावला. तो वायर गुंडाळून जिना उतरत होता, तेव्हा राजक्का बैठकीत स्मृतीची वेणी घालत होती.

"का काढलास गं? हौसेनं घेतला होतास."

मी तिच्यासमोर बसले. इतके महिने घासून ठेवलेलं वाक्य होतं, ते भलतंच बाहेर पडलं. "अक्का, त्या दिवशी लाइन गेली नव्हती. मी उचलला होता."

तिचे हात थांबले नाहीत. तीन पेड, मग पुन्हा तीन.

"ठाऊक आहे."

"कसं?"

"दहा वर्षं काय केलं मी?" ती म्हणाली. "लाइन आपोआप गेली तर पडते. कुणी उचलला तर आधी स्वल्प दबते, मग पडते. मोडेमनंच सांगितलं मला." तिने वेणीच्या टोकाला रिबन बांधली. या वेळी गाठ सैल होती. "त्याच मिनिटाला समजलं."

"मग बोलली का नाहीस? ओरडायचं होतंस मला. आईंना सांगायचं होतंस."

"काय सांगू? त्याआधी वर थर्मामीटर झटकताना तुझ्या बांगड्या वाजल्या होत्या. दोनदा. पोरीला ताप असणार. तू उगाच उचलणारी नाहीस." तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. "खूप होता काय गं? किती होता?"

एक वर्ष तिने याच्यावर काढलं होतं. पेढी, साडी, जयनगरची बस, सगळं या एका आकड्यावर ठेवून ती शांत झाली होती. खरा आकडा माझ्या जिभेवर होता.

"एकशे दोन," मी म्हणाले.

"एकशे दोन!" राजक्का हळूच म्हणाली. "लहान जिवाला फार झालं ते."

तिने स्मृतीला मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या कपाळावर तळहात ठेवला. पोर सुटायला धडपडत होती, खिदळत होती. राजक्काने हात बराच वेळ तसाच ठेवला.