ओल्या चादरीतलं मांजर

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या अडगळीत, गावातली हौशी लेखकमंडळी जमत. पुस्तकं कुणाचीच फारशी खपत नसत, पण माहितीला तोटा नव्हता. प्रेमकथा लिहिणाऱ्या नर्सबाई भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्या वकिलांना नाडी कशी बंद पडते ते सांगत. वकील त्यांना घटस्फोट कुठे अडतो ते सांगत. नियम एकच: विचारायचं गोष्टीसाठी आणि सांगायचं खरं. गुळमुळीत उत्तर देणाऱ्याने सगळ्यांचे कप विसळायचे.

भाव खाऊन जात ते बंबवाले. आयुष्य अग्निशमन दलात गेलेलं. घरच्यांचे कान त्यांच्या आगी ऐकून किटले होते, इथे मात्र लोक जिवाचा कान करून ऐकत. मागे रहस्यकथावाल्याने विचारलं होतं, "आगीत अडकलेलं लहान मूल काय करतं हो?" बंबवाल्यांनी आवाज खाली आणून सांगितलं: एका पोरीने बाटलीतल्या पाण्याने चादर ओली केली आणि स्वतः न पांघरता मांजराच्या पिल्लाला गुंडाळली. पिल्लू जगलं. रहस्यकथावाल्याने ते जसंच्या तसं कादंबरीत घातलं. ते पान वाचून वकिलांचेही डोळे भरले, आणि बंबवाले त्या दिवशी मिशीला पीळ देत घरी गेले.

आज एक नवी बाई आली होती. शिवणकाम करते, पहिलीच गोष्ट लिहितेय, म्हणाली. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण बंबवाल्यांनी जन्मभर इतके रडके चेहरे पाहिलेले, कोण लक्षात ठेवणार!

"दादा, माझ्या गोष्टीत एका मुलीच्या खोलीला आग लागते. दलातला माणूस आईला सांगतो, झोपेतच गेली, तिला कळलंसुद्धा नाही. असं होतं?"

"होतं की. धूर आधी..."

"मग मांजर कसं वाचतं?"

तिने पिशवीतून रहस्यकथावाल्याची कादंबरी काढून टेबलावर ठेवली. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

जिन्याखाली उभी असलेली ती तरणी आई बंबवाल्यांना आत्ता ओळखू आली. तिच्या हातात पिल्लू देऊन, 'हे आपलं आपण बाहेर आलं', असं तेच म्हणाले होते. दया आली म्हणून खोटं बोलले होते. आणि तिच्यापासून लपवलेलं ते खरं त्यांनी इथे चहाबरोबर वाटून टाकलं होतं.

"बाई, तुमच्या भल्यासाठीच मी तेव्हा..."

"ते कळलं मला. ते नाही विचारत." तिचा आवाज चढला नाही. "इथे खरं सांगायचा नियम आहे ना? चादर भिजवेपर्यंत ती जागी होती. मी कामावर होते. तेवढ्या वेळात तिने कुणाला हाक मारली?"

नर्सबाईंनी मान खाली घातली. रहस्यकथावाला आपल्याच पुस्तकाकडे बघवेना म्हणून भिंतीकडे बघत बसला. शेजाऱ्यांनी काय ऐकलं ते बंबवाल्यांना त्याच दिवशी कळलं होतं. तेवढं मात्र त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आताही खोटं बोलावं, असं त्यांच्या फार मनात आलं.

"तुम्हाला," ते म्हणाले. "आई, आई करत होती. बराच वेळ."

बाईने डोळे मिटले. मग तिने पुस्तक पिशवीत टाकलं आणि ती उठली.

"एवढं माझ्याकडे राहू दे, दादा," ती म्हणाली. "हे कुणाच्या गोष्टीला देऊ नका."