खुर्चीच्या हातावरची पट्टी

मित्रांनो, मी कागदाची एक जुनी पट्टी आहे आणि माझ्या अंगावर दोन इंग्रजी शब्द आहेत: 'लुक आफ्टर'. नुसतं 'लुक' म्हणजे बघणं. बघायला काय, येणारा-जाणारा कुणीही बघतो. त्याला 'आफ्टर' येऊन मिळालं की अर्थ होतो सांभाळणं. ज्याला सांभाळायचं त्याचं नाव आमच्या पाठोपाठ घ्यायचं, आमच्यामध्ये घुसवायचं नाही.

मला लिहिलं एका मुलीने. परदेशात नर्सची नोकरी हवी म्हणून ती इंग्रजी शिकत होती. जो शब्द जिथे घडतो तिथे तो चिकटवायचा, ही तिची पद्धत. 'टर्न ऑफ' गॅसच्या बटणापाशी गेलं, 'टेक ऑफ' चपलांच्या फळीवर. मला घेऊन मात्र ती घरभर फिरली आणि शेवटी तिने मला वडिलांच्या शर्टावर चिकटवलं.

"अगं, मी काय कपाट आहे?" वडील म्हणाले.

"हलू नका, बाबा. आय लुक आफ्टर माय फादर. बरोबर ना?"

"मला काय कळतंय त्यातलं? बरोबरच असेल."

तेव्हा माझा थाट काय वर्णावा. येता-जाता ती मला वाचायची. पुढे नोकरी लागली आणि ती गेली, तिथल्या म्हाताऱ्यांना सांभाळायला. वडिलांनी मला शर्टावरून काढून खुर्चीच्या हातावर लावलं. बाकीच्या पट्ट्या हळूहळू गळून पडल्या. मी टिकले, कारण ते बसल्या-बसल्या मला अंगठ्याने दाबत राहतात.

मला फार एकटं वाटतं, मित्रांनो, आणि त्यांनाही. दर रविवारी तिचा फोन येतो.

"जेवलात?"

"हो तर, पोटभर."

गॅसची शेगडी मात्र सकाळपासून थंड असते. मला सगळं दिसतं, पण साधा चहा करता येत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत.

मागच्या रविवारी तिने सहज चेष्टेत विचारलं, "बाबा, तुम्हाला कोण लुक आफ्टर करतं हो?"

तेवढा एक शब्द त्यांना पक्का ठाऊक होता. नेहमीचं 'मी मजेत आहे' त्यांच्या तोंडून निघेना.

"कुणी नाही गं," ते म्हणाले.

मग ती म्हणाली, "मी उद्याच सुट्टी मागते."

ती सुट्टी कधी मिळेल कोण जाणे. तोवर, मित्रांनो, तुमच्या शेजारी असं कुणी एकटं राहत असेल, तर 'जेवलात का?' असं दारातूनच विचारून पुढे जाऊ नका. आत जा आणि त्यांच्याबरोबर दोन घास खा.